काठावरच्या तीन राशी

ती घटना विसरता आली असती तर मला हवंच होतं, पण ती आजही आठवते. आठवली की ज्या धोंड्यावर बसून मी पंचनामा लिहिला, तो धोंडा आधी डोळ्यांपुढे येतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खोटी नाणी पाडणारी एक टोळी पकडली. त्या हकिगती सांगताना कधी अडखळलो नाही. ही हकिगत एका ओढ्यावरच्या कमरेइतक्या उंच बांधाची आहे. कुणी मेलं नाही, काही चोरीला गेलं नाही. तरी ती सांगायला मला म्हातारपण यावं लागलं. नावं कुणाचीच देत नाही. त्या माणसांची नातवंडं अजून त्याच पाटाचं पाणी शेताला लावतात.

सन तीसच्या आगेमागची गोष्ट. मी नवा फौजदार. ट्रेनिंगच्या शाळेतून थेट नेमणूक, वय पंचवीस, कमरेला करकरीत पट्टा आणि तोंडात पिनल कोडाची कलमं. मी घाटावरचा, रत्नागिरी जिल्हा तोवर नकाशात तेवढा पाहिलेला. पाली आणि देवरूख यांच्या मधल्या डोंगराळ मुलखातलं एक लहान ठाणं मिळालं. हाताखाली एक हवालदार आणि पाच शिपाई.

हवालदार किनाऱ्यावरच्या नाटे गावचा कोकणी मुसलमान. घराणं खलाशांचं, पण हा एकटाच जमिनीवर राहिला. शाळा चार इयत्ता, अक्षर मात्र मोत्यासारखं. पंचवीस वर्षं त्यानं हा मुलूख पायाखाली घातला होता. कुणाची सोयरीक कुठे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आणि का, सगळं त्याला तोंडपाठ. लोक ठाण्यात यायचे, मला नमस्कार करायचे आणि गाऱ्हाणं सांगायचे त्याला. मी खुर्चीत, तो भिंतीशी उभा, पण तोंडं सगळी भिंतीकडे. सकाळच्या हजेरीला शिपाई मला सलाम ठोकत आणि दिवसाचं काम त्याला विचारत. त्यात त्याचा काही दोष नव्हता. तो प्रत्येकाला म्हणायचा, साहेबांना सांगा. ते तर मला आणखी लागायचं.

सरळच लिहितो. मी त्याच्यावर जळत होतो, त्याला पाण्यात पाहत होतो. हाताखालच्या माणसाचा हेवा करणारा वरिष्ठ याच्याइतका केविलवाणा प्राणी खात्यात दुसरा नसतो. पण तसा मी होतो.

पौषातल्या एका सकाळी हजेरी चालू असताना तिशीचा एक माणूस धापा टाकत आला. हातात पोलीस पाटलाची चिठ्ठी. तो मुंबईला गोदीत काही वर्षं काम करून गावी परतलेला शेतकरी. आमच्या वाडीचा बांध काल कुणीतरी फोडला, पाट कोरडा पडलाय, लावलेलं भात आठ दिवसांत जाईल, असं त्याचं म्हणणं.

बांध म्हणजे काय ते आधी सांगतो. ओढ्याला तिकडे पऱ्या म्हणतात. पावसाळ्यात पऱ्या माणसाला उभं राहू देत नाही आणि शिमग्यापर्यंत त्याची नुसती धार उरते. म्हणून भातकापणी आटोपली की सगळी वाडी मिळून त्याच्यावर बांध घालते. चुना नाही, सिमेंट नाही. धोंड्यावर धोंडा, फटींत गवत आणि डहाळे, वरून चिकणमातीचा गिलावा. मागे पाणी चढतं, बाजूच्या पाटानं शेतात जातं, आणि त्यावर उन्हाळी भात होतं. त्याला वायंगण म्हणतात. त्या वाडीला पावसाळी भात वर्षभर पुरत नसे. चैत्रानंतर घरात जे शिजायचं ते या वायंगणाचं. तेव्हा बांध गेला म्हणजे काय गेलं, हे मला त्या माणसाच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

पाटलाच्या चिठ्ठीत संशयिताचं नावही होतं. बांधाच्या खालच्या अंगाला दुसरी वाडी आहे. तिथल्या एकानं पऱ्याच्या काठावर मिरची लावलेली. यंदा बांध नव्या जागी, जरा वर आणि जरा उंच घातल्यामुळे खाली धारच पोचत नव्हती. मिरचीवाला तापट. पालीच्या बाजारात चारचौघांत बोलला होता, हा बांध एक दिवस फोडीन. काल गावदेवीची जत्रा, वरची वाडी झाडून जत्रेला गेलेली, आणि खालच्या वाडीतल्या एका म्हातारीनं भर दुपारी त्याला पऱ्याच्या काठानं कोयता घेऊन जाताना पाहिलेलं.

मला आणखी काय हवं होतं? हेतू आहे, धमकी आहे, साक्षीदार आहे. फिर्याद नोंदवली. कलम चारशेतीस, शेतीच्या पाण्याच्या कामाचं नुकसान, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. हवालदाराला आणि दोन शिपायांना घेऊन चार मैल डोंगर चढलो.

बांधाच्या मधोमध तीन हातांचं खिंडार होतं. त्यातून पाणी मोकळं धावत होतं आणि पाटात ओला चिखल तेवढा राहिला होता. वाडी सगळी जमलेली. एका बांबूच्या बेटापाशी, लोकांपासून लांब, एक म्हातारा काठीवर हनुवटी टेकून उभा होता. हा कोण म्हणून विचारलं. पाटील म्हणाले, फिर्यादीचे सख्खे चुलते, आबा म्हणतात. तीस वर्षं बांध त्यांच्या हातचा. यंदापासून पुतण्या घालतो. मी मान हलवली आणि कामाला लागलो.

काठावर एका मोठ्या धोंड्यावर बैठक मारली आणि पंचनामा लिहिला. खिंडाराची लांबी, उंची, कडा सरळ. काठावर धोंड्यांच्या दोन राशी, बहुधा बांधून उरलेल्या. पंचांच्या सह्या, अंगठे. एक गोष्ट तेव्हाच नजरेत भरायला हवी होती. सकाळी धापा टाकत आलेला फिर्यादी जागेवर पोचल्यापासून मुका झाला होता. त्या धोंड्यांकडे त्यानं एकदा पाहिलं, आबाकडे एकदा पाहिलं, आणि नंतर मी विचारीन तेवढ्याला हो किंवा नाही. मला वाटलं, पोलिसांना बुजला.

मिरचीवाल्याला त्याच्या अंगणातच धरलं. खळखळ केली नाही. बायको दारात उभी राहिली आणि आम्ही वळेपर्यंत हलली नाही.

परतीच्या वाटेवर हवालदार माझ्या बरोबरीनं आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, त्या राशी उरलेल्या धोंड्यांच्या नाहीत. खालून ओल्या होत्या, ताजा चिखल होता त्यांना. खिंडारातलेच धोंडे आहेत ते."

मी म्हटलं, असतील.

"दावा साधणारा माणूस धोंडे रचून ठेवत नाही साहेब. तो पाण्यात लोटून देतो."

खरं सांगतो, ऐकल्या क्षणी मला पटलं. आणि पटलं म्हणूनच राग आला. हे मला का दिसलं नाही? शिपाई ऐकत होते. मी ताडकन म्हणालो की हवालदार, तुम्ही आरोपी सांभाळा, तपास मी करतो. त्यानं सलाम केला आणि दोन पावलं मागे गेला.

दुसऱ्या दिवशी मामलेदार कचेरीत मॅजिस्ट्रेटपुढे आरोपीला उभं केलं आणि कोठडी वाढवून घेतली. गुन्हा जामिनाचा होता. पण वरच्या वाडीतला कोण त्याला जामीन राहणार? खालच्या वाडीत पत असलेलं कुणी नव्हतं. त्याच्या एकट्याच्या मुचलक्यावर त्याला सोडायचा अधिकार पहिल्या दिवशीच मला होता. कायद्याच्या पुस्तकातलं ते पान मला पाठ होतं. मी सोडलं नाही. कारण त्याला सोडायचं म्हणजे हवालदाराचं म्हणणं खरं मानल्यासारखं झालं असतं.

जबाब घेताना मिरचीवाल्यानं माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तरं दिली. फोडीन असं बोललो, हे कबूल. जत्रेच्या दिवशी पऱ्याला गेलो, हेही कबूल. मिरचीला कुंपण करायला काट्या तोडत होतो. बांधापर्यंत गेलो नाही.

"फोडला असता तर बाजारात बोललो तसा हितंपन बोललो असतो," तो म्हणाला. "सायेब, मना एक सांगा. धोंडे कुठं पडलेत?"

मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, प्रश्न आम्ही विचारतो. भिंतीशी उभ्या हवालदारानं मान खाली घातली. पुढे नोकरीत मी कित्येकांना शिकवलं, की आरोपी उलटा प्रश्न विचारील तेव्हा कान टवकारा. खरा गुन्हेगार सहसा काही विचारत नाही, त्याला सगळं ठाऊक असतं. हे शहाणपण मला त्या दिवशी फुकट मिळत होतं आणि मी ते दाराबाहेर घालवलं.

त्याची बायको रोज येऊ लागली. चार मैल चालून, भाकरी फडक्यात बांधून. भाकरी शिपायाकडे द्यायची आणि समोरच्या फणसाखाली उन्हं उतरेपर्यंत बसायची. कुणाला काही विचारायची नाही. चौथ्या दिवशी मी बाहेर आलो तेव्हा ती उठून उभी राहिली. मी विचारलं, मिरचीला पाणी कोण घालतं? आता तर खिंडारातून पाणी खाली जात होतं, म्हणजे त्यांची सोय झाली होती. माझ्या प्रश्नात तो खवचटपणा होता.

ती म्हणाली, "पानी हाय सायेब. शिंपनारा हितं हाय."

आत येऊन बसलो, पण कागदात लक्ष लागेना. कोठडीची मुदत परवा संपत होती. हातात काय होतं? बाजारातली एक फुशारकी आणि एका म्हातारीची दुपारची नजर. हवालदाराला हाक मारली. तुमचं त्या राशींचं काय म्हणणं होतं, असं जरा गुर्मीतच विचारलं.

मग त्यानं जे सांगितलं ते त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं, आणि मला मात्र नवं. मृगाच्या आधी वाडी बांध काढून ठेवते, नाहीतर पहिल्या पुरात धोंडे वाहून जातात. काढणारा माणूस एकच असतो, जाणता. तो धोंडे निवडून काठावर राशी लावतो. पायाचे वेगळे, पोटाचे वेगळे, माथ्याचे चपटे वेगळे. म्हणजे पुढल्या वर्षी बांधताना शोधावं लागत नाही. आणि रीत अशी, की ज्यानं रास लावली त्यानंच ती मोडायची. त्याचा हात लागल्याशिवाय दुसरा कुणी त्यातला धोंडा उचलत नाही. तीस वर्षं राशी लावणारा हात आबाचा होता.

"यंदा कार्तिकात गावकी बसली," हवालदार म्हणाला. "ठरलं की आबा थकले, पहिला धोंडा पुतण्यानं बसवायचा. पण रास आबाचीच, तेव्हा मोडायला आबाच हवेत. आले बिचारे. राशीतला धोंडा उचलला आणि सगळ्या वाडीसमोर पुतण्याच्या हातात दिला."

हे त्याला कुणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. या चार दिवसांत आपल्या वेळेत तो वाडीत जाऊन आला असणार. मी एवढंच विचारलं की मग आबाचं नाव पहिल्या दिवशीच का घेतलं नाही. तो म्हणाला, वाडीनं ते धोंडे पाहताक्षणी ओळखलं; फिर्यादीनंही ओळखलं. साठ माणसांच्या तोंडाला कुलूप असताना आपण नाव घेतलं तर म्हातारा फास लावून घेईल. बांध परत घालायचा हुकूम द्या साहेब, आणि नुसते उभे राहा. पुढचं आपोआप होईल.

युक्ती साधी होती आणि अचूक होती. दुसऱ्या दिवशी हजेरीला मी शिपायांना ऐटीत सांगितलं की मी एक विचार केला आहे. सगळे ऐकत होते. हवालदारही ऐकत होता, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

वाडीला हुकूम गेला: पीक वाचवायचं तर आजच बांध सांधा, पंचनामा झालेला आहे. आम्ही डोंगर चढलो तेव्हा मिरचीवाल्याची बायको मागून येत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पऱ्याच्या खालच्या काठाला एका खडकावर जाऊन बसली.

मी माझ्या जुन्याच धोंड्यावर बसलो, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पाहू लागलो.

वीस-पंचवीस माणसं पाण्यात उतरली. खिंडारातला गाळ काढला. आता धोंडे. दोन राशी माझ्यापासून दोन हातांवर रचलेल्या, आणि एक माणूस तिकडे वळेना. ते गेले पऱ्याच्या वरच्या वळणावर, दोन शेतं पलीकडे, आणि तिथून खांद्यावर धोंडे आणू लागले. कच्चे, गोल, एकमेकांवर न बसणारे. एक बसवला की दुसरा घरंगळायचा. घामानं थबथबलेली माणसं त्या राशींना वळसा घालून जात होती, जसे घरात निजलेल्या आजाऱ्याला वळसा घालतात. इतकी माणसं आणि आवाज फक्त पाण्याचा.

मी पुतण्याला जवळ बोलावलं. म्हटलं, हाताशी धोंडे असताना लांबून का आणता?

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "ते आमचे नाय, सायेब."

"मग कुणाचे?"

त्याचे डोळे भरलेले मला दिसले. हाच माणूस चार दिवसांपूर्वी ज्याला पकडा म्हणून धावत आला होता, तो आता सुटावा अशी त्याची इच्छा होती, पण त्यासाठी जे नाव उच्चारायला हवं ते त्याच्या जिभेवर येत नव्हतं. त्याला बाप नव्हता. आबानंच वाढवला होता.

आबा बांबूच्या बेटापाशी होता, त्या दिवशीसारखाच काठी टेकून. मी त्याच्याकडे मुद्दाम पाहत नव्हतो. हवालदार तर पाठ करूनच उभा होता. बराच वेळ गेला. मग म्हाताऱ्याची नजर खालच्या काठावर बसलेल्या त्या बाईकडे गेली आणि तिथंच राहिली. त्यानं काठी बांबूला टेकवून ठेवली आणि लंगडत चालू लागला. दोन्ही राशींपाशी तो थांबला नाही. सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पाण्यातली माणसं थांबली.

"सायेब, जरा उठा," तो म्हणाला. "तो पायाचा हाय."

मी उठलो. दुसरं काय करणार?

खाली वाकून त्यानं त्या धोंड्याला हात घातला. एकट्याला तो उचलणार नव्हता. जत्रेच्या दिवशी पहारीनं लोटत आणला असणार. धोंडा जेमतेम हलला. पुतण्या पाण्यातून धावत आला आणि दोन पावलांवर थबकला. आबानं वर पाहिलं नाही, नुसतं म्हणाला, "धर." दोघांनी तो धोंडा उचलून खिंडारात नेला आणि बसवला. मग वाडी राशींना भिडली. घटकाभरात खिंडार बुजलं. पाटात पाणी शिरलं तेव्हा दोन म्हाताऱ्या रडत होत्या.

काम संपल्यावर आबा माझ्यापाशी आला आणि म्हणाला, आता त्याला सोडा, मला न्या. आंब्याखाली बसवून त्याची हकिगत ऐकली. लपवाछपवी नाही. पुतण्याचा बांध चांगला होता, हेच त्याचं दुखणं. वाईट असता तर पाण्याच्या ओढीनं ढासळला असता आणि वाडी परत आबाकडे आली असती. पण दोरी लावून, ओळंबा धरून घातलेल्या त्या बांधानं तीस वर्षांत न भिजलेली आठ खाचरं भिजवली. रोज सकाळी पाटाचा आवाज ऐकला की आबाला अन्न गोड लागेना. जत्रेच्या दिवशी गुडघ्याचं निमित्त करून मागे राहिला.

"तुम्ही बांध फोडला," मी म्हटलं.

तो पहिल्यांदा दुखावला. "फोडला नाय सायेब. काढला. फोडणार कसा? पोरानं घातलेला."

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. चालला असता तरी मी काय करणार होतो? वाडी एकमुखानं म्हणाली, बांध काढायचा हक्क आबाचाच. पुतण्या म्हणाला, माझी फिर्याद गैरसमजुतीची. मी तसाच अहवाल पाठवला आणि मॅजिस्ट्रेटनं कागद मिटले. पुढे वाडीनं आपणहून ठरवलं की दर आठव्या दिवशी माथ्याचे धोंडे काढून पाणी खाली सोडायचं. ते काम आबाकडे. मरेपर्यंत त्यानं ते केलं.

मिरचीवाल्याला त्याच संध्याकाळी सोडलं. त्यानं पटका बांधला, बायकोच्या हातातलं फडकं घेतलं आणि दारात वळून मला विचारलं, "आता तरी सांगा. धोंडे कुठं व्हते?"

मी म्हटलं, काठावर, राशी करून.

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "पयल्या दिवशी बोलला असतात," तो म्हणाला, "तर मीच सांगितला असता." आणि गेला. पुढे बदली होईपर्यंत दोन वर्षं तो बाजारात दिसायचा. कधी नमस्कार केला नाही. मी त्याला दोष देत नाही.

आता राहिलेलं सांगून टाकतो. वरिष्ठांना तपासाचा रिपोर्ट जायचा होता. कच्चा मी लिहिला, साफ नक्कल नेहमीप्रमाणे हवालदाराच्या अक्षरात. मी लिहिलं होतं की, घटनास्थळी पहिल्याच दिवशी धोंड्यांच्या तीन राशी माझ्या लक्षात आल्या आणि त्यावरून मी अमुक अनुमान काढलं. हवालदार त्याच्या टेबलाशी बसून लिहीत होता. लिहिता लिहिता थांबला. दोन्ही कागद घेऊन माझ्यापुढे आला. आवाजात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. हिशेब जुळेना तर कारकून विचारतो तसं विचारलं.

"साहेब, पंचनाम्यात राशी दोन आहेत. तिसरी पायाची, तिच्यावर आपण बसला होता."

माझे कान तापले. मी 'पहिल्याच दिवशी' एवढे शब्द खोडले. 'माझ्या लक्षात आल्या' हे तसंच ठेवलं. त्यानं नक्कल पुरी केली, एकही अक्षर वाकडं न काढता. दोन महिन्यांनी वरून माझ्या नावानं शाबासकीचा शेरा आला. तो हजेरीत वाचून दाखवायची रीत होती. वाचला हवालदारानंच.

लोक विचारतात, त्या प्रकरणानं काय शिकवलं. त्यांना वाटतं मी म्हणेन, गावच्या रीती समजून घ्या, फिर्यादीचा चेहरा वाचा. तेही शिकलोच. पण खरं शिकलो ते हे: मत्सर माणसाला आंधळा करतो असं म्हणतात, ते खोटं आहे. मला सगळं दिसत होतं. आबालाही बांध चांगला दिसत होता. दिसतं म्हणूनच तर पोटात दुखतं. आमच्यात फरक एवढाच, की आबा लंगडत का होईना सगळ्या वाडीपुढे चालत आला. मी खुर्चीतून उठलो नाही. हवालदार पुढे हवालदार म्हणूनच पेन्शनीत निघाला आणि नाट्याला वारला. त्याच्याकडे जायचं माझ्या मनात होतं, ते मनातच राहिलं.

म्हणून आज लिहून ठेवतो. त्या गुन्ह्याचा तपास हवालदारानं लावला, मी नाही. आणि मिरचीवाला पाच दिवस कोठडीत बसला. त्यातला एक दिवस आबाचा होता, बाकीचे चार माझे.